पाणलोट, विटाळ आणि पायथ्याची विहीर

१

'विटाळ' हा शब्द दलितांच्या वाट्याला आला तो मुख्यतः पाण्याच्या काठावर. विहिरीचा काठ, तळ्याची पायरी, नदीचा घाट या ठिकाणी माणसाची जात विचारली गेली. नदीला वरचा घाट सवर्णांचा आणि खालचा घाट महार-मांगांचा, ही व्यवस्था गावोगाव होती. वरच्यांनी वापरलेले पाणी वाहत खाली यावे, खालच्यांनी शिवलेले पाणी वर जाऊ नये, यासाठी उताराचाच उपयोग करून घेतला गेला. जातिव्यवस्थेला पाण्याचा स्वभाव ठाऊक होता. पाणलोटाचे शास्त्र आपल्याकडे आज आलेले नाही. गावाची मांडणी करणाऱ्याला ते पक्के माहीत होते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून १०८ घागरींच्या विधीने ते तळे 'शुद्ध' करण्यात आले. या प्रसंगाकडे आपण आजवर अपमान म्हणून पाहिले आणि ते योग्यच होते. पण रसायनशास्त्राचे चार धडे गिरवलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माणसाच्या ओंजळीने त्या पाण्यात काही मिसळले नव्हते. शेण आणि गोमूत्र यांनी मात्र निश्चित मिसळले. त्याला नत्र म्हणतात. पाणी खरोखर कशाने बिघडते, हा प्रश्न त्या दिवशी कोणाला पडलाच नाही, कारण पाणी कोणामुळे बाटते याचे उत्तर आधीच ठरलेले होते.

आता जवळजवळ शंभर वर्षांनी हाच प्रश्न वेगळ्या रूपाने आपल्या दारात आला आहे. शेतात टाकलेले खत, फवारलेले कीटकनाशक आणि तणनाशक, आणि त्यांच्याबरोबर सुटलेली माती पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात, विहिरीत आणि धरणात जाते. कारखान्याच्या नळीकडे बोट दाखवता येते. शेतातून येणाऱ्या पाण्याकडे दाखवता येत नाही, कारण ते शंभर धुऱ्यांवरून येते आणि नाल्यात एक होते. म्हणून शास्त्रज्ञ सांगतात की एकेका शेताचा विचार करून चालणार नाही. ज्या क्षेत्राचे पाणी एका नाल्याला मिळते ते सगळे क्षेत्र, म्हणजे पाणलोट, एक मानून माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करावे लागेल. हा विचार मला मान्य आहे. तो ज्या रीतीने आपल्याकडे मांडला आणि राबवला जातो, त्याची समीक्षा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

रिठद हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले गाव. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख. येथले पाणी पैनगंगेतून वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत आणि तेथून गोदावरीत जाते. काळी जमीन, खरिपात सोयाबीन आणि तूर, पाण्याची सोय असेल तेथे रब्बीत हरभरा आणि गहू. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. माती हा माझा विषय नव्हे. पण विद्यार्थ्यांबरोबर शिवारफेरीला गेलो की पुस्तकापेक्षा धुरा अधिक वाचावा लागतो. सोयाबीन दोन पानांवर होते. रात्री जोराचा पाऊस झाला होता. सकाळी रिठदच्या शिवारात आम्ही उभे होतो तेव्हा नाल्याला चहाच्या रंगाचे पाणी होते. एका मुलाने विचारले, "सर, हे पाणी वाहून चाललं का शेत?" मला वाटते पाणलोटाच्या साऱ्या शास्त्राचा प्रारंभ या प्रश्नात आहे.

घडते ते असे. तिफण उताराच्या दिशेने चालवली की प्रत्येक तास ही एक लहान नाली होते. पहिला मोठा पाऊस येतो तेव्हा जमीन उघडी असते, पिकाचे पान अजून थेंब झेलण्याजोगे झालेले नसते, आणि पेरणीबरोबर दिलेले खत मातीत ताजे असते. स्फुरद मातीच्या कणाला चिकटतो आणि गाळाबरोबर जातो. तो साचलेल्या पाण्यात गेला की शेवाळ आणि जलपर्णी माजतात, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. नत्राचे तसे नाही. युरियातल्या नत्राचे मातीत नायट्रेट होते, ते पाण्यात विरघळते आणि पाण्याबरोबर खाली मुरते. म्हणून तो नाल्यापेक्षा विहिरीत अधिक सापडतो.

यावर उपायही ठाऊक आहेत, आणि ते महागही नाहीत. उताराला आडवी पेरणी आणि आडवी डवरणी करावी. रुंद वरंब्यावर पीक घ्यावे, म्हणजे जादा पाणी सरीतून सावकाश जाते आणि ताण पडला तर तीच सरी ओल धरते. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवाव्यात. नाल्याच्या काठाची चार-सहा हातांची पट्टी नांगराखाली न आणता गवताला सोडावी; गाळ तेथे अडतो. माथ्यावर समतल चर, ओघळीत दगडी बांध, खाली नाला बांध. माती तपासून खत द्यावे. सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात, त्या हवेतला नत्र धरतात. त्या पिकाला युरिया ओतण्याचे फारसे कारण नसते.

परंतु एक गोष्ट शिवारफेरीच्या फलकावर लिहिलेली नसते. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' या घोषणेने गाळ अडतो आणि स्फुरद अडतो. जिरणाऱ्या पाण्याबरोबर नायट्रेट मात्र अधिक खाली जाऊ शकते. वर खताची मात्रा तीच राहिली आणि खाली फक्त चर खोदले, तर नाला स्वच्छ दिसेल आणि विहीर बिघडेल. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट दर लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे असे भारतीय मानक आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातले एक तृतीयांशाहून अधिक नमुने या मर्यादेच्या वर निघाले. हे पाणी गढूळ नसते, त्याला वास नसतो. ते उकळले तर नायट्रेट जात नाही, पाणी आटल्याने उलट त्याचे प्रमाण वाढते. वरच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलाला त्याने रक्तातला प्राणवायू कमी पडून मूल निळे पडू शकते. हे सारे नायट्रेट शेतातूनच येते असेही नाही. उकिरडा, गोठा, शौचालयाचा खड्डा यांचाही त्यात वाटा असतो. म्हणजे वस्ती जितकी दाट आणि जितकी खालच्या अंगाला, तितका धोका अधिक. ही वस्ती कोणाची असते हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

३

या विषयाला आपल्या परंपरेत आधार नाही असे समजणे चूक आहे. म. फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेला 'शेतकऱ्याचा असूड' आपण ब्राह्मणी नोकरशाहीवरचा हल्ला म्हणून वाचतो, शिकवतो, आणि त्याचे शेवटचे प्रकरण घाईने उलटून टाकतो. त्या प्रकरणात जोतीरावांनी सरकारपुढे एक योजना ठेवली आहे. डोंगरटेकड्यांवरचा पालापाचोळा, गवत, मेलेल्या जनावरांचे सत्त्व पावसाबरोबर ओढ्यात वाहून जाते, ते शेतात मुरावे म्हणून ताली आणि बंधारे घालावेत. या कामी सरकारने आपल्या पलटणी आणि पोलीस लावावेत. तळ्यांतला आणि नद्यांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा नेऊ द्यावा. आणि जंगलखात्याने घशात घातलेली गावांची गायराने परत करावीत, असा त्या योजनेचा आशय आहे.

पाणलोट हा शब्द सरकारी कागदावर येण्याच्या किती तरी आधी हे लिहिले गेले. पण मला जोतीरावांची दूरदृष्टी सांगून थांबायचे नाही. या योजनेत तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. पहिली, माती आणि तिचे सत्त्व वाहून जाणे हा निसर्गाचा कोप नसून राज्याच्या निष्काळजीपणाचा परिणाम आहे. दुसरी, बांध घालण्याचे श्रम कोणी करावेत याचे उत्तर त्यांनी 'गरिबांनी फुकट करावेत' असे दिलेले नाही. ज्यांना सरकार बसून पगार देते त्यांनी करावेत असे दिले आहे. तिसरी, माथ्यावरचे गायरान ही गावाची आणि गरिबाची जमीन आहे, ती सरकारची नव्हे. श्रम, सत्ता आणि जमीन या तिन्हींचा हिशेब मांडल्याशिवाय जोतीराव पाण्याविषयी एक शब्द बोलत नाहीत. पुढे स्वतंत्र भारतातल्या योजनांनी त्यातला बंधारा घेतला आणि हिशेब सोडून दिला.

४

आता माथ्यापासून खाली येऊ.

माथ्यावर गायरान आणि पडीक असते. पाणलोटाच्या आराखड्यात ते हिरव्या रेघांनी दाखवलेले असते आणि त्यावर 'सलग समतल चर व वृक्षलागवड' असे लिहिलेले असते. पण गायरान ही रिकामी जागा नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, लाखो माणसे तुरुंगात गेली, ते पडीक जमिनींसाठीच. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, त्यातही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना रीतसर दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद राखला. तरी गावोगाव अनेकांच्या हाती आजही सातबारा नाही, दंडाच्या पावत्या आहेत. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या शेताला बांध मिळत नाही. त्याचे शेत आराखड्यात शेत म्हणून येतच नाही, 'उपचार करावयाचे क्षेत्र' म्हणून येते. दोन पिढ्या दगड वेचून केलेले वावर एका हिरव्या रेघेखाली जाते.

माथ्यावरची दुसरी गोष्ट चराईबंदी. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे आपल्यापुढे आदर्श म्हणून ठेवली जातात. त्यांच्या कामाचे मोल मी नाकारीत नाही. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे तेथल्या सूत्रांतले मुख्य भाग. गवत वाढले पाहिजे हे खरे. पण ज्याच्या घरी गोठा आणि कडबा आहे त्याला चराईबंदी म्हणजे शिस्त, आणि ज्याच्या घरी तीन शेळ्या आहेत त्याला ती उपासमार. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशीम जिल्हा होता. त्यात जमीनधारकांना शेततळे, ठिबक, तुषार; आणि भूमिहीनांना शेळीपालन. एका हाताने शेळी द्यायची आणि दुसऱ्या हाताने शेळीचे रान बंद करायचे, ही विसंगती आराखडा करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, कारण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत असतात.

मधल्या उतारावर खाजगी शेती. पाणलोटाचा बहुतेक पैसा येथे खर्च होतो. केंद्राच्या २००८ च्या समान मार्गदर्शक सूचनांत पाणलोटाच्या कामांसाठी ५० टक्के आणि मालमत्ता नसलेल्यांच्या उपजीविकेसाठी १० टक्के अशी वाटणी होती. दहा टक्के कमी की जास्त हा माझा मुद्दा नाही. पन्नास टक्क्यांतून जे निर्माण होते ते जमिनीला चिकटते: मातीची ओल, विहिरीचे पाणी, वाढलेली किंमत. दहा टक्क्यांतून येते ती शिवणयंत्रासारखी एक वस्तू. पहिल्याला हक्क म्हणतात, दुसऱ्याला लाभ. 'लाभार्थी' या शब्दाची समीक्षा आपण फार पूर्वी करायला हवी होती.

आणि पायथा. येथे पाणी पोचते. आराखड्याच्या दृष्टीने पायथ्याला नाला बांध असतो. माझ्या दृष्टीने पायथ्याला माझ्या आईची विहीर आहे. माझे गाव याच खोऱ्यातले. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण गोष्ट एका गावाची नाही. आमची वस्ती नाल्याच्या अंगाला. माय मजुरीने फवारणीच्या कामावर जायची. फवारणारा गडी वेगळा, तिचे काम नाल्यावरून पाणी आणून ड्रममध्ये टाकण्याचे. दिवस संपला की ड्रम, पंप आणि बादली त्याच नाल्यात धुतली जायची. त्याच्या खाली शंभर पावलांवर आमची विहीर. त्या विहिरीवर आता कोणी कोणाला अडवीत नाही. अडवण्याचे कारणच उरले नाही, कारण वरच्या आळीत नळ आले आणि विहीर आमचीच राहिली. एका म्हातारीला मी विचारले, पाणी कसे लागते? ती म्हणाली, "गोड लागते रे बावा. पन त्यात काय हाय थे कोनाले दिसते?"

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली. शेकडो रुग्णालयात गेली. मेलेल्यांत शेतकरी होते आणि रोजाने फवारणारे मजूरही. त्या वेळी वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती मास्क आणि हातमोजे यांची. मजुराच्या अंगावरून उतरलेले ते विष पुढे कोठे गेले, पंप कोणत्या पाण्यात धुतले गेले, हा प्रश्न मला कोठे वाचायला मिळाला नाही.

५

येथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. दोन एकरवाला मराठा किंवा माळी शेतकरीही कर्जातच आहे, दुकानदार सांगेल ते औषध तो उधारीवर नेतो; त्याला दोषी ठरवून काय मिळणार? आणि आता दलितांतही अल्पभूधारक आहेत, तेही तोच युरिया टाकतात. हे खरे आहे. मी शेतकऱ्याला शत्रू मानीत नाही. जोतीरावांचा 'शूद्रातिशूद्र' हा शब्द या दोघांना एकत्र धरणारा आहे आणि तो मी सोडायला तयार नाही. पण एकत्र धरणे म्हणजे दोघांतला उतार पुसणे नव्हे. पाणी वरून खाली येते. त्याची जबाबदारी वरून खाली आणि त्याचा हक्क खालून वर मोजला पाहिजे.

असे मोजता येते याचे दाखले आहेत. चंदीगडचे सुखना तळे गाळाने भरत चालले होते. गाळाचे मूळ शोधत पी. आर. मिश्र हे मृदासंधारण अधिकारी १९७० च्या दशकात हरियाणातल्या सुखोमाजरी गावाच्या टेकड्यांवर पोचले. शहराचे तळे वाचवायचे तर वरच्या गावाने टेकडी राखली पाहिजे, आणि गाव ती राखील ते तेथल्या पाण्यात त्याला वाटा असेल तरच, हे त्यांनी ओळखले. वाटा ठरला तो जमिनीवर नव्हे, घरावर. भूमिहीनालाही तेवढाच वाटा. त्याने तो विकावा किंवा वापरावा. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली. तेथे पाणी माणशी अर्ध्या एकराला, पाण्याचा हक्क जमिनीला न जोडता माणसाला, आणि भूमिहीनही हक्कदार. ऊस घ्यायचा नाही हाही नियम होता. तंत्र दोन्हीकडे साधे बांधबंदिस्तीचेच. फरक पडला तो वाट्याचा नियम आधी ठरवल्याने. जेथे वाटा नंतर ठरवू म्हटले जाते, तेथे तो सातबारा ठरवतो.

परदेशातले एक उदाहरण वेगळ्या कारणाने आठवते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डी मॉइन शहराच्या पाणीपुरवठा मंडळाला नदीच्या पाण्यातले नायट्रेट काढण्यासाठी मोठा खर्च करावा लागे. २०१५ मध्ये त्याने वरच्या तीन काउंट्यांतल्या शेतीच्या निचरा संस्थांवर खटला भरला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. खालच्याने वरच्याला जाब विचारला आणि कायद्याकडे त्याचे उत्तर नव्हते. पण त्या शहराकडे निदान वकील होता, प्रयोगशाळा होती आणि दररोजचे आकडे होते. आपल्या खालच्या वस्तीकडे काय आहे? विहिरीचे पाणी वर्षातून एकदा तपासून आकडा भिंतीवर लिहिला जावा, एवढीसुद्धा आपली मागणी अजून झालेली नाही.

श्रमाविषयीही बोलले पाहिजे. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने श्रमदानाची मोठी लाट आली. शहरातली माणसे कुदळ घेऊन आली, गावे एकत्र आली. त्यात चांगले काही घडले नाही असे मी म्हणणार नाही. पण 'श्रमदान' हा शब्द ज्याच्याजवळ श्रमाशिवाय काही नाही त्याच्या बाजूने उच्चारून पाहावा. जमीनवाला श्रम देतो तेव्हा तो आपल्याच विहिरीत गुंतवणूक करतो. मजूर देतो तेव्हा खरोखर दान होते. राज्याच्या रोजगार हमी कायद्याने १९७७ मध्ये मजुराच्या श्रमाला हक्काची मजुरी जोडली होती. तो हक्क पुसून पुन्हा दानाची भाषा यावी, हे आपल्याला चालणार आहे काय? "चर आमी खंदले सर, पानी त्याइच्या हिरीले गेलं," असे एका मजुराने मला ऐकवले. या एका वाक्यात पाणलोट विकासाचे जे मूल्यमापन आहे ते मला कोणत्याही अहवालात आढळले नाही.

६

ही झाली त्यांची समीक्षा. आता आपली.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांनी लक्ष घातले. संपूर्ण खोरे एक घटक मानून पूर, वीज, सिंचन आणि लोकांचे जीवन यांचा एकत्र विचार करण्याची ही रीत होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातिधर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक रीतीने कसायला द्यावी, जमीनदार, कूळ किंवा भूमिहीन मजूर असा भेद उरू नये, आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवावे, असे मांडले. आज पाणलोट तज्ज्ञ सांगतात की धुऱ्याधुऱ्यांनी तुटलेल्या जमिनीवर पाण्याचे नियोजन अवघड जाते. ही अडचण बाबासाहेबांच्या मांडणीत आधीच सुटलेली आहे. आपण मात्र ते पुस्तक राखीव जागांच्या वादात उघडतो आणि शेतीच्या पानावर पोचण्याआधी मिटतो.

आपल्या साहित्याचेही असेच झाले. दलित साहित्यातले पाणी हे अंतराचे पाणी आहे. वरून ओतलेले, ओंजळीत झेललेले, तासन् तास वाट पाहून मिळालेले किंवा न मिळालेले. प्रेमानंद गज्वी यांच्या एकांकिकेचे 'घोटभर पाणी' हे नावच त्या साऱ्या अनुभवाचे नाव आहे. हे पाणी लिहिले गेले नसते तर मराठी साहित्य खोटे राहिले असते. दुसरीकडे ग्रामीण साहित्याने मातीला 'काळी आई' म्हटले. त्या आईच्या अंगावर राबणारी परक्याची आई त्याला क्वचितच दिसली. पण आज आपल्या समोर तिसरे पाणी आहे. ते कोणी नाकारीत नाही. ते नळाला येते, हापशाला येते, आणि त्यात जे आहे ते दिसत नाही. ज्या दुःखाला दाता दिसतो त्याच्याविरुद्ध आपण कविता लिहिली. ज्या दुःखाचा दाता शंभर धुऱ्यांत विरघळलेला आहे त्याविषयी लिहायला आपली भाषा अजून तयार नाही. पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे असे म्हणून आपण तो सोडून दिला, आणि त्यांनी तो आपल्या पद्धतीने घेतला: ज्यात झाड आहे, पक्षी आहे, गवत आहे, आणि फवारणीचे पाणी वाहणारी बाई नाही.

म्हणून या विषयाकडे पाठ फिरवून चालणार नाही. आडवी पेरणी, गवताचा पट्टा, माती तपासून खत ही सवर्णांची तंत्रे नव्हेत. जोतीरावांनी मागितलेल्या तालींची ती वारस आहेत. ती आपण शिकली पाहिजेत, आपल्या दोन-दोन एकरांत केली पाहिजेत, आणि गावाच्या आराखड्याच्या बैठकीत जाऊन बसले पाहिजे. तेथे पाण्याच्या प्रत्येक योजनेला चार प्रश्न विचारावेत. माथ्यावरच्या गायरानात कसणाऱ्याचे नाव आराखड्यात शेतकरी म्हणून आहे काय? चराई बंद करण्याआधी शेळीवाल्यांचा चारा ठरला आहे काय? अडवलेल्या पाण्यात भूमिहीन घराचा वाटा किती, आणि तो कागदावर आहे काय? आणि पायथ्याच्या वस्तीच्या विहिरीतले नायट्रेट काम सुरू होण्याआधी किती होते, तीन वर्षांनी किती झाले? ज्या योजनेला या चौथ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, तिने कितीही चर खोदले तरी ती यशस्वी झाली असे आपण म्हणू नये.

रिठदहून परतताना आमच्यातल्या दोन मुलींनी नाल्याचे गढूळ पाणी बाटलीत भरून घेतले होते. महाविद्यालयात आल्यावर बाटली टेबलावर ठेवली. तासाभरात माती खाली बसली आणि वरचे पाणी नितळ दिसू लागले. एक मुलगी म्हणाली, आता हे पिता येईल. दुसरी म्हणाली, आधी तपासायला देऊ. पुढच्या खेपेस आम्ही नाल्याबरोबर वस्तीच्या विहिरीचे पाणीही नेणार आहोत. तपासणीचा आकडा येईल तो त्या विहिरीच्या काठावर, ठळक अक्षरांत, सगळ्यांना वाचता येईल असा लिहायचा असे त्या मुलींनी ठरवले आहे. ज्या काठावर आपल्याला विटाळ ऐकवला गेला, त्याच काठावर हे लिहिले जावे.